दिवस कुठे संपतो, हे क्वेरीला कोण सांगणार?

नागपुरात अमरावती रस्त्यावर वाडीच्या बाजूला मालवाहतुकीची जी गोदामे आहेत, त्यांतल्या एका वाहतूकदाराच्या बिल्ट्यांचे, म्हणजे माल पाठवल्याच्या पावत्यांचे, सॉफ्टवेअर मी काही वर्षांपासून सांभाळतो आहे. एप्रिलचा पहिला आठवडा तिथे नेहमीच धावपळीचा असतो, कारण ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपते आणि गोदामातून निघालेली प्रत्येक गाडी त्या तारखेच्या अलीकडची की पलीकडची, हे हिशेबात पक्के करावे लागते. २०२३ च्या एप्रिलमध्ये तिथल्या मुनीमजींचा फोन आला. ते म्हणाले, "मार्चची बेरीज जुळत नाही. एकतीस तारखेच्या गाड्या कमी दिसून राहिल्या." मी अहवाल उघडला, तर एकतीस तारखेच्या गाड्या त्यात होत्या. म्हणून मी त्यांनाच वही पुन्हा तपासायला सांगितले. चूक माझ्या क्वेरीत, म्हणजे डेटाबेसकडून माहिती मागणाऱ्या आज्ञेत होती, आणि ती सापडायला मला दोन दिवस लागले.

क्वेरी अगदी साधी होती. गाडी निघाल्याची वेळ ज्या रकान्यात आहे, तो रकाना १ मार्च २०२३ आणि ३१ मार्च २०२३ यांच्या 'बिटवीन' असावा, एवढीच अट होती. बिटवीन दोन्ही टोके धरते, त्यामुळे ३१ मार्च आपोआप आत येईल, असे मी गृहीत धरले होते. परंतु तो रकाना नुसत्या तारखेचा नव्हता. तो टाइमस्टॅम्पचा होता, म्हणजे त्यात तारखेसोबत तास, मिनिटे आणि सेकंदही होते. अशा रकान्याशी नुसत्या तारखेची तुलना केली, की डेटाबेस त्या तारखेला स्वतःहून मध्यरात्रीची वेळ जोडतो. त्यामुळे माझ्या अटीचा खरा अर्थ '३१ मार्चच्या ००:००:०० पर्यंत' असा झाला होता, आणि त्या क्षणानंतरचा संपूर्ण दिवस बाहेर राहिला होता.

मग एकतीस तारखेच्या काही गाड्या अहवालात दिसत कशा होत्या? त्या दिवसाच्या ओळी एकाखाली एक काढून पाहिल्या तेव्हा उलगडा झाला. एका बिल्टीची वेळ ००:००:०० होती, दुसरीची ०९:४२, तिसरीची १४:१०, चौथीची २३:५५. अहवालात आली होती ती फक्त पहिली आणि तिच्यासारख्या आणखी काही. ज्या बिल्ट्या आधी वहीत लिहून नंतर कारकुनाने हाताने भरल्या होत्या, त्यांत वेळ नव्हती आणि म्हणून मध्यरात्र पडली होती. त्या बरोबर काठावर बसल्या आणि आत आल्या. एकतीस तारीख पूर्ण रिकामी दिसली असती, तर मला पहिल्याच मिनिटाला शंका आली असती. थोड्या गाड्या दिसल्या म्हणूनच चूक झाकली गेली.

या प्रसंगानंतर मी आपल्या बोलण्यातल्या 'पर्यंत' या शब्दाचा बराच विचार केला. 'दहा तारखेपर्यंत पैसे भरा' असे कोणी सांगितले, तर दहा तारखेचा दिवस आपण त्यात धरतो आणि दहाला संध्याकाळी पैसे भरणारा माणूस स्वतःला उशिरा आलेला समजत नाही. 'पाच वाजेपर्यंत या' असे सांगितले, तर मात्र पाच वाजून चाळीस मिनिटांनी येणारा उशिराच आलेला असतो. पाच ते सहा हा अख्खा तास आपण धरत नाही. म्हणजे आपल्या मनात तारीख हा लांबी असलेला एक पट्टा असतो आणि वेळ हा एक बिंदू असतो. टाइमस्टॅम्पच्या रकान्यात मात्र तारीखसुद्धा बिंदूच होते. तारखांच्या क्वेऱ्यांमध्ये मी आजवर ज्या चुका पाहिल्या, त्यांतल्या बहुतेक इथेच जन्मतात. व्याकरण बिनचूक असते, उत्तरही येते. फक्त दिवस, महिना किंवा वर्ष नेमके कुठे संपते, हे कोणी सांगितलेले नसते. ते डेटाबेसला ठाऊक असण्याचे काही कारण नाही, कारण ते माणसांनी आपसांत ठरवलेले असते.

पहिल्या चुकीवर अनेकजण जो उपाय करतात, तो मला पटत नाही. ते शेवटच्या तारखेला २३:५९:५९ जोडतात. ज्या रकान्यात सेकंदाचे अंशही साठवले जातात, तिथे त्या शेवटच्या सेकंदात पडलेली नोंद तरीही निसटते. कोणी ते टाळण्यासाठी २३:५९:५९.९९९ लिहिले, तर एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसच्या जुन्या डेटटाइम प्रकारात ती वेळ पुढच्या दिवसाच्या मध्यरात्रीवर जाऊन बसते, कारण त्या प्रकाराची अचूकता साधारण ३.३३ मिलिसेकंदांची आहे आणि वेळ तो जवळच्या मूल्यावर नेऊन ठेवतो. मग १ एप्रिलची मध्यरात्रीची नोंद मार्चमध्ये मोजली जाते. खरा उपाय सोपा आहे: रकाना १ मार्चइतका किंवा त्यापेक्षा मोठा असावा, आणि १ एप्रिलपेक्षा लहान असावा. आरंभ धरायचा, शेवट सोडायचा. अशी अट लिहिली की फेब्रुवारी २८ दिवसांचा की २९, मार्चला ३० दिवस की ३१, हे लक्षात ठेवावे लागत नाही. शिवाय एका महिन्याचा शेवट हाच पुढच्या महिन्याचा आरंभ असल्यामुळे कोणतीही गाडी दोनदा मोजली जात नाही आणि कोणतीही सुटत नाही.

आणखी एक पळवाट प्रचलित आहे. रकान्यालाच तारखेत रूपांतरित करून मग तुलना करायची. उत्तर बरोबर येते, पण रकान्यावर फंक्शन चढवले की त्या रकान्यावरचा साधा इंडेक्स, म्हणजे ओळी पटकन शोधून देणारी सूची, सहसा कामाला येत नाही आणि डेटाबेस सगळ्या ओळी वाचत बसतो. काही हजार ओळी असतील तोवर ते जाणवत नाही. वर्षानुवर्षांच्या बिल्ट्या साठल्या की जाणवते.

दुसरी चूक रात्रीची होती, आणि ती अधिक काळ लपून राहिली. आमच्याकडे गाड्या बहुतेक संध्याकाळनंतर भरल्या जातात आणि मध्यरात्रीनंतर निघतात. सर्व्हर मात्र जागतिक प्रमाणवेळेवर, म्हणजे यूटीसीवर चालणारा होता. भारतीय प्रमाणवेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे आहे. म्हणून नागपूरहून १ एप्रिलच्या पहाटे दोन वाजता निघालेली गाडी सर्व्हरच्या दृष्टीने ३१ मार्चच्या रात्री साडेआठला निघालेली असते. दिवसवार बेरीज सर्व्हरच्या दिवसाप्रमाणे होत असल्यामुळे रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळातल्या सगळ्या गाड्या आदल्या दिवसात जमा होत होत्या. एरवी ही चूक दिवसांच्या आकड्यांत इकडेतिकडे विरून जाते. महिन्याची बेरीज किंचित हलते आणि कोणाच्या डोळ्यांत येत नाही. ३१ मार्चच्या रात्री मात्र तीच चूक गाड्यांचे आर्थिक वर्ष बदलते.

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये 'टाइमस्टॅम्प विथ टाइम झोन' असा प्रकार आहे. त्याच्या नावावरून वाटते की तो वेळेसोबत तिचा टाइम झोनही साठवून ठेवतो, पण तो तसे करत नाही. तो फक्त यूटीसीमधला क्षण साठवतो आणि दाखवताना त्या त्या सेशनच्या, म्हणजे डेटाबेसशी झालेल्या जोडणीच्या, टाइम झोनप्रमाणे दाखवतो. त्यामुळे माझ्या लॅपटॉपवर चालवलेल्या आणि सर्व्हरवर चालवलेल्या एकाच क्वेरीने दोन वेगळ्या बेरजा दिल्या होत्या, आणि दोन्ही आपापल्या जागी खऱ्या होत्या. तेव्हापासून मी दिवस कापण्याआधी तो क्षण 'ॲट टाइम झोन' वापरून 'आशिया/कोलकाता' या नावाने भारतीय वेळेत आणतो आणि मगच त्याची तारीख काढतो. साडेपाच तास सरळ मिळवले तरी आजच्या नोंदींना चालेल, कारण भारतात उन्हाळ्यासाठी घड्याळे पुढे करण्याची पद्धत नाही. तरी झोनचे नाव वापरणे मला बरे वाटते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आपली घड्याळे एक तास पुढे नेली होती, आणि ते त्या नावामागच्या माहितीत नोंदलेले आहे. साडेपाच या आकड्यात ते नाही. प्रमाणवेळ हाही शेवटी एक करारच आहे. ती ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरली आहे आणि नागपूर सुमारे ७९.१ अंशांवर आहे, म्हणून आपल्या डोक्यावर सूर्य घड्याळापेक्षा सरासरी साडेतेरा मिनिटे उशिरा येतो.

याच्या उलट, जिथे क्षणाचा प्रश्नच नाही तिथे क्षण साठवू नये. जन्मतारीख ही नुसत्या तारखेच्याच रकान्यात असावी. ती टाइमस्टॅम्प म्हणून ठेवली आणि वाटेत कुठे यूटीसीत बदलली गेली, तर ५ ऑगस्टची मध्यरात्र ४ ऑगस्टची संध्याकाळ साडेसहा होते, आणि माणूस एक दिवस आधी जन्मलेला दिसू लागतो.

महिने मिळवण्याचा प्रश्न गाड्यांच्या कर्जाच्या हप्त्यांमुळे माझ्यापुढे आला. पहिला हप्ता ३१ जानेवारीला असेल तर दुसरा कधी? पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल दोन्ही ३१ जानेवारी २०२३ मध्ये एक महिना मिळवल्यावर २८ फेब्रुवारी देतात, आणि ते ठीक आहे. परंतु माझ्या जुन्या कोडमध्ये प्रत्येक हप्ता मागच्या हप्त्यात एक महिना मिळवून काढला जात होता. त्यामुळे फेब्रुवारीत २८ झालेली तारीख मार्चमध्ये २८ मार्च, एप्रिलमध्ये २८ एप्रिल अशी कायमची घसरली. पहिल्या तारखेत एक महिना, दोन महिने, तीन महिने असे मिळवत गेले, तर २८ फेब्रुवारी, ३१ मार्च, ३० एप्रिल अशा तारखा येतात. फरक इतकाच, की प्रत्येक वेळी मूळ तारखेकडे परत जायचे. ओरॅकलचे 'ॲड मंथ्स' आणखी वेगळे वागते. दिलेली तारीख महिन्याची अखेर असेल तर उत्तरही महिन्याची अखेरच येते, म्हणून २८ फेब्रुवारी २०२३ मध्ये एक महिना मिळवला की ते ३१ मार्च देते. यांपैकी कोणाला चूक म्हणावे? करारात 'दर महिन्याच्या अखेरीस' असे लिहिले असेल तर ओरॅकल बरोबर आहे, आणि 'दर महिन्याच्या २८ तारखेस' असे लिहिले असेल तर बाकीचे. करार वाचल्याशिवाय फंक्शन निवडता येत नाही.

वयाच्या बाबतीत ही गोष्ट मला घरातच भेटली. वाहतूकदाराच्या चालकांच्या टेबलात मी एकदा जन्मतारखांची दिवसवार मोजणी केली, तेव्हा १ जून या एकाच तारखेला इतक्या नोंदी निघाल्या की डेटा भरताना चूक झाली असावी असे क्षणभर वाटले. मग आठवले, की माझ्या वडिलांच्या दाखल्यावरही १ जूनच आहे. आपल्याकडच्या त्या पिढीतल्या अनेकांना शाळेत घालताना गुरुजींनी हीच तारीख लिहिली, कारण घरी कोणी तारीख लिहून ठेवलेली नसे आणि शाळा जूनमध्ये उघडत असे. आजी सांगायची, की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, पिवळ्या मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघाली होती तेव्हा बाबांचा जन्म झाला. पोळा श्रावण अमावस्येला येतो. म्हणजे जूनशी त्या जन्माचा काहीही संबंध नव्हता.

बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत होते. तिथल्या सेवानियमांप्रमाणे वयाची साठ वर्षे ज्या महिन्यात पूर्ण होतात, त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्ती येते. पण ज्याचा जन्म महिन्याच्या पहिल्या तारखेचा आहे, तो आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळे बाबा ३१ मेला निवृत्त झाले. २ जून लिहिली गेली असती, तर ३० जूनपर्यंत नोकरी राहिली असती. एका माणसाच्या जन्माला तीन तारखा झाल्या: आजीच्या आठवणीतली, दाखल्यावरची आणि नियमाने धरलेली. निवृत्तीची यादी काढणाऱ्या क्वेरीला यांतली कोणती द्यायची, हे नियम सांगतो, आणि तो नियम क्वेरीत लिहावाच लागतो. साठ वर्षे मिळवून महिन्याची अखेर काढली तर १ जूनवाल्या प्रत्येकाला एक महिना जास्त मिळतो. जन्मतारखेतून आधी एक दिवस वजा करायचा, मग साठ वर्षे मिळवायची आणि मग महिन्याची अखेर काढायची, असे केले की दोन्ही प्रकारचे कर्मचारी एकाच सूत्रात बसतात. हे सूत्र मी कागदावर बाबांच्याच तारखेने तपासून पाहिले.

वयासाठी एसक्यूएल सर्व्हरचे 'डेटडिफ' वापरणाऱ्यांनी विशेष काळजी घ्यावी. ते पूर्ण झालेली वर्षे मोजत नाही, ओलांडलेल्या सीमा मोजते. ३१ डिसेंबर २०२३ आणि १ जानेवारी २०२४ यांच्यामध्ये ते एक वर्ष सांगते. मायएसक्यूएलचे 'टाइमस्टॅम्पडिफ' पूर्ण वर्षे मोजते.

आर्थिक वर्ष काढणे त्या मानाने सोपे आहे. तारखेतून तीन महिने वजा करून वर्ष काढले की एप्रिल ते मार्च हे वर्ष मिळते. आठवड्यांचे तसे नाही. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक पद्धतीत आठवडा सोमवारी सुरू होतो आणि वर्षाचा पहिला आठवडा ४ जानेवारी ज्यात येते तो असतो, म्हणून २९ डिसेंबर २०२५ हा सोमवार २०२६ च्या पहिल्या आठवड्यात मोडतो. आठवडा आयएसओचा आणि वर्ष साधे घेतले, तर ती नोंद २०२५ च्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे जवळपास एक वर्ष मागे जाऊन पडते.

असे नियम वाढत गेले तेव्हा मी ते प्रत्येक क्वेरीत पुन्हा पुन्हा लिहिणे सोडले आणि एक दिनदर्शिकेचे टेबल केले. एका दिवसाला एक ओळ. २०२० ते २०४० या एकवीस वर्षांच्या ७,६७१ ओळी होतात, आणि आजच्या कोणत्याही डेटाबेसला ते ओझे नाही. पोस्टग्रेसमध्ये 'जनरेट सिरीज' एका आज्ञेत सगळ्या तारखा तयार करून देते. प्रत्येक ओळीत वार, आयएसओ आठवडा, तिमाही, आर्थिक वर्ष, सुटी आहे की नाही, आणि आमच्या धंद्यासाठी संत्र्याचा बहार. आंबिया बहाराची संत्री साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये निघतात, तर मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. मृगाचा माल एप्रिलमध्ये लांबला, की एकाच बहाराच्या गाड्या दोन आर्थिक वर्षांत विभागल्या जातात. महिन्यांवरून हंगाम ओळखण्यापेक्षा टेबलात बहाराचा रकाना असणे कितीतरी स्वच्छ. दुसरा फायदा असा, की या टेबलाला बिल्ट्यांचे टेबल 'लेफ्ट जॉइन' केले, म्हणजे दिनदर्शिकेच्या सगळ्या ओळी ठेवून त्यांना जुळणाऱ्या बिल्ट्या जोडल्या, की ज्या दिवशी एकही गाडी निघाली नाही तो दिवससुद्धा शून्यासह दिसतो. नुसत्या बिल्ट्यांच्या टेबलातून तो दिवस गायबच होतो.

सणांचा रकाना मात्र सूत्राने भरता आला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा घेतली, त्या दिवशी विजयादशमी होती. आज दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिन विजयादशमीला साजरा होतो आणि १४ ऑक्टोबरलाही लोक तिथे येतात. एका घटनेचे दोन वार्षिक दिवस आहेत. त्यांतला १४ ऑक्टोबर हा दिवस नुसती वर्षे मिळवून काढता येतो, विजयादशमीचा येत नाही. दसऱ्याच्या तारखा मांडून पाहा: २४ ऑक्टोबर २०२३, १२ ऑक्टोबर २०२४, २ ऑक्टोबर २०२५, २० ऑक्टोबर २०२६. त्यांच्यातली अंतरे ३५४, ३५५ आणि ३८३ दिवस येतात. शेवटचे अंतर लांबले, ते २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे. तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यात १२ अंशांचे अंतर पडायला लागणारा काळ. तो सुमारे १९ तासांपासून २६ तासांपर्यंत कमीजास्त होतो, म्हणून तिथीचा क्षय होतो, वृद्धी होते. शिवाय कोणत्या सणाला सूर्योदयाची तिथी धरायची आणि कोणत्याला संध्याकाळची, हेही वेगवेगळे असते. हे सगळे क्वेरीत बसवण्याचा हट्ट मी धरला नाही. दरवर्षी पंचांग आणि शासनाची सुट्यांची यादी समोर ठेवून मी त्या ओळी हाताने भरतो. गर्दीच्या त्या दिवसांत शहरातली वाहतूक वळवलेली असते, त्यामुळे गाड्यांच्या नियोजनाला ही माहिती खरोखर लागते.

सुट्यांचे टेबल सुरुवातीला मी वेगळे ठेवले होते, एका सुटीला एक ओळ. २ ऑक्टोबर २०२५ ला गांधी जयंती आणि दसरा एकाच दिवशी आले. त्या दिवसाच्या दोन ओळी झाल्या, जॉइन केल्यावर प्रत्येक बिल्टी दोनदा आली आणि भाड्याची बेरीज दुप्पट झाली. या वेळी मुनीमजींनी फोन केला तेव्हा मी त्यांना वही तपासायला सांगितले नाही. आधी क्वेरी तपासली. आता दिनदर्शिकेत तारीख ही प्रायमरी की आहे आणि सुटीची नावे त्याच ओळीत एकत्र लिहिलेली असतात, त्यामुळे एका दिवसाच्या दोन ओळी होऊच शकत नाहीत.

मार्चच्या अहवालाच्या माथ्यावर मी आता सीमा शब्दांत छापतो: '१ मार्च, ००:०० पासून, १ एप्रिल, ००:०० च्या आधी निघालेल्या गाड्या, भारतीय प्रमाणवेळ.' मुनीमजींनी तो कागद वाचला आणि त्याच्या खाली '३१ मार्चचा पूर्ण दिवस धरून' असेही लिहायला सांगितले. ती ओळ मी त्याच दिवशी जोडली.